फ्रेंच प्रॉपला मैदानावरची मिनिटं हवीत

फ्रान्समधल्या तेरा जणांच्या रग्बीचा, म्हणजे रग्बी लीगचा विषय निघाला की गाडी लगेच पैशांवर येते. टीव्हीचे हक्क, प्रायोजक, स्टेडियमची डागडुजी, सरकारी अनुदान. पैसा लागतोच, त्याबद्दल दुमत नाही. पण २९ एप्रिल २०२३ रोजी वॉरिंग्टनमध्ये इंग्लंडने फ्रान्सला ६४-० असं धुतलं, त्याचं उत्तर नुसत्या पैशांत सापडत नाही. या खेळात एवढा मोठा फरक पडतो तो मैदानाच्या मध्यावर. तिथे वजनदार फॉरवर्ड, त्यातही सगळ्यात जास्त धडका घेणारे प्रॉप, दमले की बाकीच्या संघाला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. आणि फ्रान्सला वर्षानुवर्षं नेमके हेच खेळाडू कमी पडत आले आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. सुपर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च रग्बी लीग साखळीत, खेळणाऱ्या प्रत्येक फ्रेंच क्लबला मधल्या फळीतली ठरावीक मिनिटं फ्रान्समध्ये घडलेल्या खेळाडूंना देणं बंधनकारक करावं, आणि त्या बदल्यात वर आलेल्या फ्रेंच क्लबला तीन वर्षं खाली ढकलू नये. दोन्ही गोष्टी एकत्रच हव्यात. नुसतं बंधन घातलं तर क्लब बुडेल, आणि नुसतं संरक्षण दिलं तर ती जागाही बाहेरून आणलेल्या खेळाडूंनी भरली जाईल.

आपल्याकडे रग्बी म्हणजे बॉम्बे जिमखान्यावरचा खेळ, म्हणजेच पंधरा जणांची रग्बी युनियन. त्यामुळे लीगमधल्या प्रॉपचं काम आधी समजून घ्यायला हवं. युनियनमधला प्रॉप स्क्रमसाठी, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड खांदे अडकवून एकमेकांना रेटतात त्यासाठी, घडवलेला असतो. लीगमध्ये स्क्रम नावापुरताच उरला आहे आणि टॅकलनंतर चेंडूवर झुंबडही पडत नाही. हल्ला करणाऱ्या संघाला सलग सहा टॅकलपर्यंत चेंडू ठेवता येतो. प्रत्येक टॅकलनंतर पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. तेवढ्या वेळात बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जावं लागतं. आठ आणि दहा नंबरचे दोन प्रॉप आणि तेरा नंबरचा लूज फॉरवर्ड ही मधली फळी. सगळ्यात जास्त धडका याच तिघांच्या वाट्याला येतात.

एक टॅकल जवळून पाहू. प्रतिस्पर्ध्यांचा शंभर-एकशेदहा किलोचा गडी दहा मीटरवरून धावत येतो. पहिला बचावपटू खांदा त्याच्या छातीखाली आणि चेंडूच्या आसपास लावतो. डोकं मात्र त्याच्या अंगाच्या मागच्या बाजूला ठेवतो, कारण डोकं पुढे राहिलं तर कंबर किंवा गुडघा सरळ कानशिलावर बसतो. दुसरा चेंडूचा हात अडकवतो, तिसरा पाय गोळा करतो. कबड्डीत चढाईपटूवर साखळीने पकड पडते तशीच ही पकड असते, पण इथे जमिनीवर पाडून भागत नाही. त्याला पाठीवर उताणा वळवायचं असतं. पोटावर पडलेला गडी झटकन उठून चेंडू सरकवतो, उताण्याला आधी वळावं लागतं. त्यात जो एखादा सेकंद जातो तेवढ्यात बचावाची रांग दहा मीटर मागे जाऊन पुन्हा उभी राहते. तो सेकंद मिळाला नाही की पुढची टॅकल धावत्या रांगेवर येते, त्यापुढची आणखी विस्कळीत रांगेवर, आणि चौथ्या-पाचव्या टॅकलपर्यंत प्रतिस्पर्धी गोल रेषेजवळ पोहोचतात.

प्रॉप दमला की नेमकं काय बिघडतं? आधी पाय थांबतात. पाय थांबले की खांदा पोहोचत नाही, मग तो हात लांबवून पकडायला जातो. हातांनी पकडलेला गडी आणखी दोन-तीन मीटर ओढून नेतो. डोकं चुकीच्या बाजूला राहतं आणि मेंदूला धक्का बसण्याचे प्रकार अशा वेळीच जास्त घडतात. पाडलेल्या गड्याला सोडून बाजूला व्हायला उशीर झाला की रेफरी सहा टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हा नियम सुपर लीगमध्ये २०२० च्या ऑगस्टमध्ये आला आणि मधल्या फळीवरचा ताण त्याने चांगलाच वाढवला. पूर्वी पेनल्टी मिळाली की श्वास घ्यायला वेळ मिळायचा, आता खेळ न थांबता चालू राहतो.

म्हणून सामन्याचं गणित बदली खेळाडूंवर उभं असतं. बाकावर चौघे आणि ऐंशी मिनिटांत एकूण आठ अदलाबदली. साधारणपणे प्रॉप पहिली वीस-पंचवीस मिनिटं खेळतो, बाहेर येतो, आणि दुसऱ्या सत्रात आणखी तेवढीच खेळतो. लूज फॉरवर्ड अनेकदा साठच्या पुढे जातो. तीन जागा गुणिले ऐंशी, म्हणजे मधल्या फळीची एका सामन्यातली २४० मिनिटं. फ्रेंच रग्बी लीगचं भवितव्य मला या २४० मिनिटांच्या वाटपात दिसतं.

कारण हे काम जिममध्ये शिकता येत नाही. वजन उचलून खांदा भरेल, पण तिसाव्या मिनिटाला, छाती भात्यासारखी चालू असताना, समोरचा गडी पास देणार की स्वतः घुसणार हे ओळखणं सामन्यातच येतं. विंगवरचा, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा मुलगा एकोणिसाव्या वर्षी वेगाच्या जोरावर चमकू शकतो. प्रॉप पिकायला पंचविशी उजाडते, कित्येकदा सत्तावीस-अठ्ठावीस. आणि ज्या प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या सहा सामन्यांवर टांगलेली आहे तो सहा वर्षं कशाला थांबेल? तो सिडनीहून किंवा ऑकलंडहून तयार प्रॉप आणतो. त्यात त्याची चूक नाही. व्यवस्थेने त्याला तोच रस्ता ठेवला आहे.

रेमी कास्तीची कारकीर्द या चौकटीत पाहायला हवी. १९८५ साली नार्बोनमध्ये जन्मलेला हा प्रॉप २००६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्याँच्या कॅटलन्स ड्रॅगन्सकडून सुपर लीगमध्ये आला. क्लबचाही तो या स्पर्धेतला पहिलाच हंगाम होता. २०१४ मध्ये तो सिडनी रूस्टर्सकडे गेला. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं विजेतेपद जिंकलेला हा संघ. फ्रान्समध्ये घडलेल्या प्रॉपला अशा संघाने बोलावणं ही साधी गोष्ट नव्हती. एका हंगामानंतर तो पर्पिन्याँला परतला, आणि २५ ऑगस्ट २०१८ रोजी वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला २०-१४ हरवून चॅलेंज कप, म्हणजे बाद पद्धतीचा मुख्य चषक, उचलणारा कर्णधार तोच होता. १८९७ पासून अंतिम सामने होत आलेली ही स्पर्धा इंग्लंडबाहेरच्या क्लबने जिंकण्याची ती पहिली वेळ. बेंजामँ गार्सिया या दुसऱ्या फ्रेंच फॉरवर्डने त्या दिवशी ट्राय केला (गोल रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले), आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड चषक फुलबॅक तोनी जिगोला मिळाला. फ्रेंच खेळाडूला तो मिळण्याचीही ती पहिलीच वेळ.

एकविसाव्या वर्षी पदार्पण, तेहतिसाव्या वर्षी चषक. मधली बारा वर्षं कुठून आली हे लक्षात घेतलं नाही तर या कौतुकाला अर्थ नाही.

२००६ मध्ये ड्रॅगन्सना सुपर लीगमध्ये घेताना तीन वर्षं पदावनतीपासून सूट दिली होती. पहिल्याच हंगामात ते तळाला राहिले. नियमानुसार खाली जायचे ते, पण सूट असल्याने त्यांच्या वर असलेला कॅसलफर्ड खाली गेला. कॅसलफर्डच्या चाहत्यांना हे फार लागलं आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण त्या सूटीचं फळ पाहा. २००७ मध्ये ड्रॅगन्स चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात पोहोचले, सेंट हेलेन्सकडून ३०-८ हरले. २००८ मध्ये ते साखळीत तिसरे आले. तळाच्या त्या वर्षात जे फ्रेंच फॉरवर्ड मार खात होते त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा तीच जर्सी मिळाली, म्हणून ते शिकले. २००७ चा कर्णधार न्यूझीलंडचा हाफबॅक (चाली रचणारा खेळाडू) स्टेसी जोन्स होता, २०१८ चा कर्णधार नार्बोनचा प्रॉप. या अकरा वर्षांचं बीज त्या तीन वर्षांत आहे.

सूट नसती तर काय झालं असतं, याचं उत्तर तुलूझ देतो. २०२१ मध्ये फेदरस्टोनला ३४-१२ हरवून तुलूझ ऑलिम्पिक सुपर लीगमध्ये आला आणि २०२२ च्या शेवटी खाली गेला. एक हंगाम. एका हंगामात कुठलाही प्रॉप घडत नाही. खुद्द ड्रॅगन्सही या कड्यावरून थोडक्यात वाचले आहेत. ३० सप्टेंबर २०१७ रोजी त्यांना सुपर लीगमधलं स्थान टिकवण्यासाठी इंग्लंडमधल्या ली या गावी एकमेव सामना जिंकायचा होता आणि तो त्यांनी २६-१० जिंकला. तो हरले असते तर अकरा महिन्यांनंतरचा वेम्ब्लीचा दिवस बहुधा उजाडलाच नसता. एका देशाची फॉरवर्डची अख्खी पिढी ऐंशी मिनिटांवर लावणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

त्याआधीच्या पिढीला तर घरी जागाच नव्हती. सुपर लीगची सुरुवातच २९ मार्च १९९६ रोजी पॅरिसच्या शार्लेटी स्टेडियमवर झाली. पॅरिस सेंट-जर्मेनने शेफील्डला ३०-२४ हरवलं, प्रेक्षक सतरा हजारांच्या वर. दोन हंगामांत तो संघ बंद झाला. खेळाडू दक्षिणेतून, ऑस्ट्रेलियातून गोळा करून आणलेले, आणि राजधानीत मुळं कुठेच नाहीत. मग पर्पिन्याँच्या जेरोम गिसेसारख्या प्रॉपने काय करायचं? तो कॅनबरा, वॉरिंग्टन, ली, विगन असा फिरला आणि २००६ मध्ये घरचा क्लब सुपर लीगमध्ये आल्यावर परतला. ऑलिव्हिए एलिमा वेकफील्डला गेला. ही गुणी माणसं होती, बाहेर जाऊन टिकली. पण जे टिकू शकले नसते आणि तरीही घरी राहून चांगले झाले असते अशांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

फ्रान्समधल्या तेराच्या खेळाचा पाया घातला तोही एका फॉरवर्डने. ज्याँ गालियावर युनियनने पैसे घेतल्याचा आरोप ठेवून त्याला बाहेर काढलं, आणि त्याने १९३४ मध्ये खेळाडू जमवून इंग्लंडचा दौरा काढला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लीगची संघटना उभी राहिली. सात वर्षांत हा खेळ इतका पसरला की युनियनला धडकी भरली. मग १९ डिसेंबर १९४१ च्या हुकुमाने, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या पेताँच्या विशी सरकारने संघटना बरखास्त केली, मैदानं आणि पैसा काढून घेतला. युद्धानंतर खेळ पुन्हा उभा राहिला, पण मालमत्ता परत आली नाही आणि ‘रग्बी’ हे नाव वापरायलाही १९९० चं दशक उजाडावं लागलं. एवढं होऊनही १९५१ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका २-१ अशी जिंकली. फुलबॅक प्युइग ओबेरच्या किकबद्दल सगळे बोलतात. मला एली ब्रूस आणि एदुआर पोंसिने ही दुसऱ्या रांगेची जोडी जास्त महत्त्वाची वाटते, कारण सिडनीतली तिसरी कसोटी ३५-१४ अशी जिंकायला समोरची ऑस्ट्रेलियन फळी आधी मोडावी लागते.

१९४१ चा परिणाम आजही प्रॉपच्या बाबतीतच सगळ्यात जास्त जाणवतो. ओद किंवा पिरेने-ओरियांताल जिल्ह्यातला सतरा वर्षांचा, शंभर किलोचा मुलगा कुणाच्या नजरेतून सुटत नाही. युनियनकडे पैसा, टीव्ही आणि प्रशिक्षण केंद्रं आहेत. लीगकडे त्याला देण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लवकर आणि भरपूर खेळायची संधी. तीच द्यायची नसेल तर त्याने का यावं?

देशांतर्गत साखळी, जी आता सुपर तेरा म्हणून ओळखली जाते, ही उणीव भरून काढू शकत नाही. लिमू, लेझिन्याँ, कार्कासोन इथल्या क्लबांना जुनी परंपरा आहे, पण बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. त्यात वेळापत्रकाचा घोळ. ही साखळी शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चालते, सुपर लीग फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत. ड्रॅगन्सचा दुसरा संघ, सेंट-एस्तेव्ह कॅटलन, देशांतर्गत साखळीत खेळतो. म्हणजे होतकरू प्रॉप हिवाळाभर तिथे झिजतो आणि फेब्रुवारीत, अर्धा दमलेला, पूर्ण व्यावसायिक गतीच्या स्पर्धेत ढकलला जातो, किंवा पहिल्या संघाच्या सराव-गटात राहून सामन्यांविना बसतो. दोन्ही वाटा वाईट. साखळी पूर्ण उन्हाळ्यात नेणं दक्षिणेतल्या उकाड्यात शक्य नाही हे मान्य. पण हंगाम जानेवारीच्या मध्याला सुरू करून जूनमध्ये संपवता येईल, म्हणजे मुलाची तयारी आणि विश्रांती दोन्ही संघांना एकाच चक्रात बसवता येतील.

आता सध्याच्या नियमांकडे येऊ. २०२५ पासून सुपर लीगमधली जागा प्रामुख्याने गुणांकनाने ठरते. एकूण २० गुण: प्रेक्षकवर्ग ५, कामगिरी ५, आर्थिक स्थिती ४.५, स्टेडियम ३, स्थानिक समाज आणि परिसर २.५. स्वतःच्या प्रदेशातला खेळाडू घडवून पहिल्या संघात खेळवला याला स्वतंत्र गुण नाहीत. दुसरीकडे २०२६ साठी परदेशी खेळाडूंची मर्यादा सातवरून दहावर नेली आहे. स्पर्धेचा दर्जा वाढावा हा हेतू मी समजू शकतो. पण वाढवलेले तीन खेळाडू कुठल्या जागांवर येणार? हाफबॅक आणि प्रॉप, कारण सामने तिथे जिंकले जातात. फ्रेंच मुलाला विंग आणि सेंटर उरतात.

युनियनच्या फ्रेंच साखळीत एक नियम आहे, त्याचं नाव जिफ. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात तीन हंगाम काढलेला किंवा लहान वयात पाच वर्षं फ्रेंच महासंघाकडे नोंदणी असलेला खेळाडू जिफ ठरतो. पासपोर्ट कुठला हे पाहिलं जात नाही, म्हणून युरोपीय कायद्यालाही तो टिकतो. सामन्याच्या तेवीस जणांत हंगामाच्या सरासरीने किमान १६ असे लागतात, नाहीतर क्लबला शिक्षा होते. त्या नियमाने फ्रेंच युनियनला खूप दिलं. पण तो माणसं मोजतो, जागा आणि मिनिटं मोजत नाही. बाकावरून जेमतेम तीन मिनिटं उतरवलेला मुलगाही त्यात मोजला जातो.

लीगने त्याच्या पुढे जावं. फ्रेंच क्लबच्या मधल्या फळीच्या २४० मिनिटांपैकी हंगामाच्या सरासरीने किमान १२० मिनिटं फ्रान्समध्ये घडलेल्यांची असावीत. हे अवघड नाही. एक अनुभवी प्रॉप ५० मिनिटं, दुसरा ४०, बाकावरचा तरुण ३०, झाले १२०. उरलेल्या १२० मिनिटांत क्लबने जगातले हवे ते आणावेत. सरासरी हंगामाची असल्याने दुखापतींच्या आठवड्यात कुणाची अडचण होणार नाही. डोक्याच्या तपासणीसाठी खेळाडू पंधरा मिनिटं बाहेर गेला तर तो वेळ त्याच्याच खात्यात धरावा, म्हणजे हिशोबापायी कुणाला लवकर मैदानात परत ढकलण्याचा मोह होणार नाही. मिनिटांची नोंद चौथा अधिकारी प्रत्येक अदलाबदलीला करतोच, नवी यंत्रणा उभारायची गरज नाही.

संघ गुणवत्तेवर निवडावा, जन्मगावावर नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. तयार माणूस आणि घडू शकणारा माणूस यांच्यात निवड करताना आज फक्त पहिल्याचीच गुणवत्ता दिसते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कोवळ्या मुलांना मधल्या फळीत घातलं तर ते मोडतील. खरं आहे, वीस वर्षांच्या मुलाला पहिल्या शिट्टीपासून उतरवणं चूकच. त्याला पहिल्या वर्षी पहिल्या सत्राच्या शेवटची दहा-पंधरा मिनिटं द्यावीत, समोरचे प्रॉपही तेव्हा दमलेले असतात. दुसऱ्या वर्षी पंचवीस ते तीस, दोन टप्प्यांत. तिसऱ्या वर्षी सुरुवातीच्या तेरात, आणि ज्या आठवड्यात सामना मोठा त्या आठवड्यात सरावात पूर्ण ताकदीच्या टॅकल बंद. तीन वर्षांचं संरक्षण मागायचं ते याचसाठी, या पायऱ्या तेवढाच वेळ घेतात.

इंग्लिश क्लब विचारतील की ही मेहेरबानी फक्त फ्रेंचांना का. कारण सुपर लीगला इंग्लंडच्या उत्तरेबाहेर भक्कम राहिलेलं एकमेव मूळ पर्पिन्याँत आहे. मे २०१९ मध्ये ड्रॅगन्सनी विगनविरुद्धचा सामना बार्सिलोनाच्या कॅम्प नोवर नेला तेव्हा ३१,५५५ प्रेक्षक आले. २०२१ आणि २०२३ मध्ये हा क्लब सुपर लीगच्या अंतिम सामन्यात होता, दोन्ही वेळा कर्णधार गार्सिया. त्याच २०२३ मध्ये पैशांची हमी न मिळाल्याने २०२५ च्या विश्वचषकाचं यजमानपद मात्र फ्रान्सच्या हातून गेलं. आंतरराष्ट्रीय सामने कमी, घरचा विश्वचषक गेलेला, अशा देशात मुलाला फॉरवर्ड व्हावंसं वाटायला दर आठवड्याला डोळ्यांसमोर खेळणारा आपल्या गावाकडचा प्रॉप लागतो.

गुणांकनाच्या २० गुणांत फेरफार करणं हे पुढच्या बैठकीत होण्यासारखं काम आहे. प्रेक्षकवर्गाच्या पाचातला अर्धा गुण आणि आर्थिक स्थितीच्या साडेचारातला अर्धा गुण असा एक गुण मधल्या फळीच्या मिनिटांना द्यावा. १२० पूर्ण केली तर पूर्ण गुण, ९० केली तर अर्धा, त्याखाली शून्य. हा गुण इंग्लिश क्लबांनाही त्यांच्या स्वतःच्या अकादमीतल्या प्रॉपसाठी मिळावा, म्हणजे लीड्स आणि विगनलाही त्यात आपला फायदा दिसेल आणि हा प्रस्ताव एकट्या पर्पिन्याँ-तुलूझचा राहणार नाही.